बुधवारचं घर

अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहायला आले की पहिल्याच जेवणानंतर डिशवॉशरवरून कुरबुर सुरू होई. शेवटचा घास संपला की ते आपलं ताट घेऊन उठत, सिंकपाशी उभं राहून हातानं घासत, पुसत आणि रॅकमध्ये उभं करून ठेवत.

"अण्णा, राहू द्या हो. मशीन आहे ना," माझी बायको म्हणे.

"असू दे गं. एवढंसं ताट, त्याला कशाला मशीन."

मशीनमध्ये आमची तिघांची ताटं जात. माझं, बायकोचं आणि आमच्या अकरा वर्षांच्या लेकीचं. अण्णांचं कधी गेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. अण्णा दुसऱ्यांदा काही घेत नसत. पहिल्यांदा जे वाढलं जाईल ते सगळं संपवत, मीठ कमी असलं तरी बोलत नसत, आणि बायकोनं भाजीचा डाव पुढे केला की ताटावर हात आडवा धरत. "भरलं पोट." बायको सुगरण आहे. नवरा म्हणून म्हणत नाही, इथल्या गणपतीत तिच्या मसालेभाताचं पातेलं सगळ्यात आधी रिकामं होतं. पण लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी एकदाही "अजून वाढ" म्हटलं नव्हतं, आणि तिनं त्याचा एकच अर्थ लावला होता. आपल्या हातचं त्यांना आवडत नाही. ती हे हसत हसत सांगायची, पण ते हसणं मला ओळखू यायचं.

खरं कारण मला माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. ते वाक्य बोललो असतो तर मात्र त्याच्या आधीची बरीच वाक्यं खोटी ठरली असती, म्हणून मी गप्प राहायचो. गप्प राहणं मला तसंही चांगलं जमतं. लोक त्याला स्वभाव म्हणतात.

तर ते वाक्य असं. माझे वडील अनाथ होते आणि वार लावून जेवून मोठे झाले.

आता ही पद्धत कोणाला ठाऊक नसेल. अण्णांचे आईवडील तापाच्या एकाच साथीत गेले. दूरच्या एका काकांनी त्यांना पुण्यात आणलं, एका देवळाच्या ओवरीत झोपायची सोय लावून दिली आणि ते परत गेले. त्या काळी अशा मुलांसाठी गावातली घरं वार वाटून घेत. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असं आठवडाभर. त्याचे नियम होते. बोलावल्याशिवाय बसायचं नाही. पंगतीत नाही, माजघराच्या दाराशी बसायचं. वाढलेलं टाकायचं नाही, संपलं तर मागायचं नाही. आपलं ताट आपण घासायचं. जाताना दोन घागरी पाणी भरून द्यायचं किंवा दळण आणून द्यायचं. अण्णांनी हे मला मी शाळेत असताना एकदाच सांगितलं होतं, अगदी सहज, जसं कोणी आपल्या जुन्या गल्लीबद्दल सांगावं. मला मात्र ते ऐकून अंगावर काहीतरी सांडल्यासारखं झालं. आमच्या घरी बुधवारी एखादा होस्टेलवरचा विद्यार्थी जेवायला का असतो, ते मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर बुधवारी मी खेळायच्या निमित्तानं उशिरा घरी यायला लागलो.

माझं लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं, "मूळ गाव कुठलं आपलं? वडील काय करत?" प्रश्न अण्णांना होता. उत्तर मी दिलं.

"आजोबा वाईला हेडमास्तर होते. लवकर गेले. घाटाजवळ घर होतं, नंतर विकलं."

मला कोणी हे बोलायला लावलं नव्हतं. सासरे प्राध्यापक, त्यांच्या भिंतीवर शिकल्यासवरल्या पूर्वजांचे फोटो, आणि माझ्या डोळ्यांसमोर दाराशी बसलेला एक मुलगा. वाई एवढ्याचसाठी की शाळेची सहल तिथं गेली होती. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या पोह्यांच्या बशीकडे पाहिलं. आणि म्हणाले, "हो. वाईला."

खोटं एकदा घरात आलं की वाढतं. सासरे पुढे कोणाच्या तरी मुंजीला वाईला गेले, तिथं त्यांनी हौसेनं चौकशी केली, आणि कोणीतरी त्यांना खरंच घाटाजवळचं एक घर दाखवलं. त्यांचा फोन आला. "काय सुरेख घर हो तुमचं! विकायला नको होतं." अण्णा नुसतं "हं" म्हणाले आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. माझी आई तेव्हा होती. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि हळू आवाजात मला म्हणाली, "सांगून टाक रे आता. एक खोटा माणूस घरात आणून बसवलायस. त्याला रोज वाढावं लागतंय यांना." मी "सांगतो" म्हणालो. आई गेली तरी मी सांगितलं नव्हतं. तिच्या देखत सांगायचं, तेवढं एक माझ्याकडून कायमचं राहिलं.

मग आम्ही न्यूझीलंडला आलो. हॅमिल्टनच्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध पावडरच्या कारखान्यात मला नोकरी लागली. तापमान, दाब दाखवणारी मीटरं खरं बोलतात की नाही, हे तपासायचं काम. यातला विनोद मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

इथं वाई फार लांब राहिली असं मला वाटायला लागलं होतं. तेवढ्यात लेकीच्या शाळेनं ती परत आणली.

इथं शाळेत मुलांना माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, रीतीनं स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतात. त्याला पेपेहा म्हणतात. नाव शेवटी येतं. आधी सांगायचं, माझा डोंगर अमुक, माझी नदी अमुक, माझी माणसं अमुक. लेकीच्या वर्गाचा कार्यक्रम होता, पालकांना बोलावणं होतं. अण्णा नुकतेच आले होते, हिवाळा तोंडावर होता, सकाळी नदीवरचं धुकं आमच्या कुंपणापर्यंत यायचं. लेक जेवणाच्या टेबलावर रंगपेट्या पसरून बसली.

"बाबा, व्हॉट्स आवर माउंटन?"

मी काहीतरी बोलायच्या आत बायको म्हणाली, "अगं, वाईचे ना आपण. नदी कृष्णा. डोंगर बाबांना विचार."

"अँड ग्रेट-ग्रँडपा वॉज अ प्रिन्सिपल, राइट?" तिनं चित्र काढायला घेतलं. लांब कोट, काठी, मिशा. काढता काढता तिनं मान वर केली. "आजोबा, पगडीचा कलर कुठला होता?"

अण्णा तिच्या समोरच बसले होते. ज्या बापाचा चेहराही त्यांना नीट आठवत नव्हता, त्याच्या जागी बसवलेल्या माणसाची पगडी त्यांनी बराच वेळ पाहिली.

"लाल," ते म्हणाले. मग ताट उचलून सिंककडे गेले.

मी त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत राहिलो. दोनेक आठवड्यांत माझी मुलगी भरल्या सभेत उभी राहणार होती आणि दुसऱ्या कोणाच्या तरी पवित्र रीतीनं माझं खोटं बोलणार होती. खरं समजून. बायको टाळ्या वाजवणार होती. अण्णा पहिल्या रांगेत बसणार होते. सांगायला हवं, असं मी रोज कारखान्यात जाताना ठरवायचो आणि परत येताना रद्द करायचो.

आमच्या शेजारी एक हंगेरियन बाई राहत. सत्तरी गाठलेल्या, एकट्या. त्यांच्या देशात उठाव होऊन मोडला तेव्हा तरुण वयात पळून आल्या, इथल्याच झाल्या. अण्णांना इंग्रजी जेमतेम आणि बाईंना मराठी शून्य, पण कुंपणावरून दोघांचं छान चालायचं. त्या मिरच्या दाखवायच्या, अण्णा मान डोलवायचे. अण्णा कढीपत्त्याचं रोप दाखवायचे, त्या पान चोळून वास घ्यायच्या. एके दिवशी त्या तिकिटं घेऊन आल्या. फिल्म सोसायटी रविवारी दुपारी त्यांच्या भाषेतला एक जुना सिनेमा दाखवणार होती.

"लढाईनंतरच्या अनाथ मुलांचा आहे," त्या मला म्हणाल्या. "मला एकटीनं बघायचा नाही. तुम्ही सगळे चला. नंतर माझ्याकडे सूप."

मी कारणं शोधत होतो, पण बायको हो म्हणून मोकळी झाली.

हॉल लहान होता, हीटर एकाच कोपऱ्यात. पडद्यावर काळंपांढरं चित्र सुरू झालं आणि खाली इंग्रजी अक्षरं धावायला लागली, तेव्हा लक्षात आलं की अण्णांना हे वाचता यायचं नाही. मी त्यांच्यापासून दोन खुर्च्या लांब. मध्ये लेक. ती क्षणभर थांबली, मग त्यांच्या कानाशी लागली.

ही मुलगी मराठी समजते, पण बोलायची वेळ आली की इंग्रजीत निसटते. त्या दुपारी मात्र तिला निसटायला जागाच नव्हती.

"आजोबा, तो म्हणतोय, भाकरी दे. ती म्हणते, नाही आहे. जा इथून."

"हं."

"आता ते सगळे पळतात. कारण त्यांनी... कोंबडी घेतली. विदाउट आस्किंग."

"चोरली म्हण."

"चोरली."

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं मागं वळून पाहिलं. लेक कुजबुजली, "सॉरी, ही कान्ट रीड इट." "ऑल गुड, डियर," म्हणून तो पुन्हा पडद्याकडे वळला. नंतर तर मला वाटतं तोही कान देऊन ऐकत होता.

सिनेमातली मुलं मोठ्या माणसांचे कोट घालून फिरत होती, बाह्या लोंबत होत्या. मोडकी गावं, रिकामे रस्ते, दारं लावून घेणारी माणसं. लेक सांगत होती, अण्णा ऐकत होते. एका जागी मोठा मुलगा पाव कापून वाटतो आणि पहिला तुकडा सगळ्यात लहानाला देतो. अण्णा मोठ्यानं म्हणाले, "बरोबर." कोंबडीच्या वेळी ते चक्क हसले होते, हॉलमध्ये एकटेच. मग एक बारकं पोर आपल्या वाट्याचा अर्धा पाव खातं आणि उरलेला गुपचूप सदऱ्याच्या आत सरकवतं. तेव्हा अण्णांचा हात त्यांच्या स्वेटरवर, छातीपाशी गेला आणि तिथंच राहिला.

लेकीनं तो हात पाहिला. "आजोबा, तुम्ही पण असं केलं? व्हेन यू वर लिटल?"

अंधारातही मला दिसलं, अण्णांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "छे गं. ऐकलंय असं कोणाकोणाचं."

एवढंच. पण त्या "छे" नं माझं काय झालं ते मला अजून नीट लिहिता येत नाही. माझ्यासाठी ते स्वतःचं लहानपण दुसऱ्या कोणाचं तरी म्हणून सांगत होते. इतकी वर्षं मी समजत होतो की मी एक आजोबा रचला. खरं तर मी एक मुलगा घराबाहेर ठेवला होता, आणि त्याला दार लावून घ्यायचं काम त्याच्याकडूनच करून घेत होतो.

सिनेमा संपला. बाई डोळे पुसत होत्या, पण चेहरा प्रसन्न होता. "चला, भूक लागली," त्या म्हणाल्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात गोल टेबल होतं. बटाटे, गाजरं आणि लालभडक मिरचीपूड घातलेलं सूप त्यांनी खोल थाळ्यांत वाढलं. अण्णा शाकाहारी, हे त्यांना ठाऊक होतं. "आमच्याकडे याला खोटं गुलाश म्हणतात," त्या हसून म्हणाल्या. "मांस नाही म्हणून. लढाईनंतर सगळ्या देशानं खोटंच खाल्लं."

मी अण्णांना ते मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "खोटं असलं तरी झकास झालंय, सांग त्यांना." मी सांगितलं.

अण्णांनी थाळी स्वच्छ संपवली. बाईंनी पळी पुढे केली. अण्णांनी थाळीवर हात आडवा धरला.

"ही नेव्हर टेक्स सेकंड्स," लेक म्हणाली.

"माझ्याकडे सुद्धा नाही घेत," बायको म्हणाली. तेच ते तिचं हसणं.

बाई पळी तशीच धरून राहिल्या. अण्णांच्या हाताकडे बघत होत्या. "हा हात मी ओळखते," त्या सावकाश म्हणाल्या. "लढाईनंतर मीही दोन वर्षं मुलांच्या आश्रमात होते. आम्ही सगळी अशीच हात धरायचो. कोणी विचारायच्या आत. मागणारं पोर लक्षात ठेवलं जायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "विचारा त्यांना. हे कुठं शिकले?"

मी विचारलं. मराठीत, शब्दाला शब्द.

अण्णांनी एकदा माझ्याकडे, एकदा सुनेकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "सांग त्यांना, वय झालं. पोट लवकर भरतं."

मी बाईंकडे वळलो. आणि इंग्रजीत म्हणालो, "माझे वडील अनाथ होते. सहा-सात घरी वार लावून जेवायचे. दाराशी बसून. तिथं मागायची परवानगी नव्हती. ते तिथं शिकले."

लेक, खरेपणाच्या बाबतीत ती फार काटेकोर आहे, म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट व्हॉट आजोबा सेड."

"नाही," मी म्हणालो. "आजोबा खोटं बोलले. माझ्यासाठी. हेडमास्तर, वाई, घर, यातलं काही नव्हतं. ते सगळं मी बनवलं."

"अँड द रेड पगडी?"

"तीही नव्हती."

"तो रंग माझा," अण्णा मराठीत म्हणाले. लेकीचं इंग्रजी त्यांना बरोबर कळलं होतं. "ते पाप तुझ्या बापाचं नाही."

मी बायकोकडे बघायचं धाडस केलं. तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता ती वाईबद्दल विचारेल, तिच्या वडिलांबद्दल, इतक्या वर्षांबद्दल. ती माझ्यावर ओरडली, परक्याच्या घरात, मराठीतून.

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या हातच्या चवीचा काही दोष नव्हता? आणि तू बघत बसलास? मी त्या आमटीत कधी गूळ वाढवतेय, कधी कमी करतेय, आईला फोन कार्डं घालवून विचारतेय, आणि तुला माहीत होतं?"

"आमटी उत्तम असते गं," अण्णा घाईघाईनं म्हणाले.

"तुम्ही थांबा, अण्णा. तुमच्याशी नंतर बोलते."

बाईंना भाषा कळली नव्हती, पण प्रकार कळला असावा. त्यांनी अण्णांचा हात अलगद बाजूला केला आणि न विचारता थाळीत पळीभर सूप ओतलं. अण्णा त्या सूपकडे पाहत राहिले. मग जेवायला लागले.

घरी येताना दोन घरांमधलं गवत ओलं होतं. बायको आणि लेक पुढे गेल्या. मी अण्णांना म्हणालो, "तेव्हा फार लागलं होतं का तुम्हाला?"

"लागलं होतं," ते म्हणाले. ते कधी लागलेलं लपवून गोड बोलत नाहीत, नुसते गप्प राहतात. मी त्यांच्यावरच गेलोय. "तुझ्या आईला जास्त लागलं होतं. मला काय, मी सवयीचा. पण एक विचारू? वाईच का रे? मी तोवर वाई पाहिलीसुद्धा नव्हती. तुझ्या सासऱ्यांशी बोलताना केवढी पंचाईत व्हायची. निदान नाशिक तरी सांगायचंस."

मला हसू आलं आणि मग दुसरंही काही आलं. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि बूट काढायला खाली बसले.

बायको चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. पण दुसऱ्याच दिवशी तिनं अण्णांच्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला. विचारलं नाही. अण्णांचा हात वर आला, तिनं डोळे वटारले, हात खाली गेला. माझ्याशी तिनं जे काही मिटवायचं ते हळूहळू मिटवलं, काही अजूनही अधूनमधून वर येतं, आणि यायलाच हवं. सासऱ्यांना फोन मीच केला. ते म्हणाले, "मग मी वाईला कोणाचं घर पाहून आलो?"

लेकीनं हेडमास्तरांचं चित्र भिंतीवरून काढलं, पण फेकलं नाही. मागच्या कोऱ्या बाजूला नवीन काम सुरू केलं. संध्याकाळी ती अण्णांना प्रश्न विचारायची आणि ते सांगायचे. मी भाजी चिरत ऐकायचो.

"सोमवारचं घर कसं होतं?"

"सोमवारी ताक मिळायचं. आजीबाई बहिऱ्या होत्या. त्या दोनदा वाढायच्या, पहिलं वाढलेलं विसरून."

"अँड यू डिडन्ट टेल हर?"

"मी काय वेडा आहे?"

"ट्यूजडे?"

"मंगळवारी भाकरी. अर्धी मी सदऱ्यात लपवायचो. बाहेर न्यायची मनाई होती, म्हणजे चोरीच. एकदा काकूंनी पकडलं, कान पिळला. पुढं त्या समोर उभं राहून खायला लावायच्या."

"मग?"

"मग सोमवारची भाकरी लपवायला लागलो. बुधवारपर्यंत तिचा दगड व्हायचा. पाण्यात बुडवून खायची."

"का, बुधवारी काय होतं?"

"काही नव्हतं. लढाईत रेशन आलं, तांदूळ मोजून मिळायला लागला. बुधवारच्या घरात आठ माणसं. त्यांनी हात जोडले. त्यांची काही चूक नव्हती."

त्या "चूक नव्हती" वर मी सुरी खाली ठेवली होती, हे आठवतं.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये मुलं एकेक करून उभी राहत होती. कोणाचा डोंगर या देशातला, कोणाचा स्कॉटलंडचा, कोणाचा सामोआचा. आमची लेक उभी राहिली. सुरुवात माओरीत केली, पुढचं इंग्रजीत. डोंगर पर्वती. मी आयुष्यात पर्वतीला टेकडीच म्हणत आलो, पण अण्णांनी सांगितलं होतं की ओवरीतून सकाळी डोळे उघडले की तीच दिसायची, तेव्हा डोंगर तोच. नदी मुठा. आणि माझी माणसं, असं म्हणून तिनं घरं सांगितली. सोमवारची बहिरी आजी, मंगळवारच्या कान पिळणाऱ्या काकू, गुरुवारी गूळ देणारं घर, रविवारी गोडधोड उरलं तर हाक मारणारं घर. "बुधवारी आजोबांना घर नव्हतं," ती म्हणाली, आणि शेवटी स्वतःचं नाव सांगून खाली बसली.

मला शरमेनं मान खाली घालावीशी वाटेल, अशी माझी अपेक्षा होती. तसं झालं नाही. शेजारी अण्णा बोटांवर वार मोजत होते. "शुक्रवार विसरली," ते माझ्या कानात म्हणाले. "शुक्रवारचे लोक फार चांगले होते."

घरी येऊन त्यांनी बायकोला हाक मारली. "सूनबाई, परवा बुधवार. शेजारच्या बाईंना जेवायला सांगशील?"

तेव्हापासून बुधवारी शेजारच्या बाई आमच्याकडे जेवतात. पहिल्या बुधवारी त्यांनी आमटी प्यायली, वाटी संपवली, आणि बायको डाव घेऊन वळते तोच वाटीवर हात आडवा धरला. "अगं बाई, आता ह्या!" बायको म्हणाली आणि तो हात बाजूला केला. जेवण झाल्यावर बाई आपलं ताट घेऊन उठल्या. अण्णा आपलं घेऊन आधीच सिंकपाशी होते. एकानं घासलं, दुसरीनं पुसलं. डिशवॉशरमध्ये नेहमीसारखी आमची तिघांचीच ताटं गेली.

अण्णा वसंतात पुण्याला परत गेले. स्वतःहून मागायला त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. वाढलं की खातात, एवढंच. पण बुधवारी त्यांचा फोन येतो, आणि तो माझ्यासाठी नसतो.

"बाई आल्या का जेवायला?"

"बसल्यात की इथंच," बायको सांगते.

"दुसऱ्यांदा विचारलंस ना त्यांना?"

"विचारत नाही, अण्णा. वाढते."

"हां," ते म्हणतात. "तसंच कर."